स्टेडी स्टेटला शांत असलेला कॉलम डायनॅमिक मोडमध्ये का बोंबलतो?

स्थिर_अस्थिर

नमस्कार मंडळी. एका डिस्टिलेशन कॉलमचं (द्रव उकळून घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याचं) डायनॅमिक, म्हणजे काळानुसार होणारे बदल दाखवणारं, कॉम्प्युटर मॉडेल आमच्या गटाकडे दुसऱ्या गटाकडून आलंय. वर सगळी वाफ द्रव करणारा टोटल कंडेन्सर आणि तो द्रव साठवणारा रिफ्लक्स ड्रम, खाली द्रव उकळवणारा केटल रिबॉयलर. रिफ्लक्स (ड्रममधून कॉलममध्ये परत जाणारा द्रव) ताशी ४५ घनमीटर, फ्लो कंट्रोलवर. डिस्टिलेट (ड्रममधून बाहेर काढलेला माल) ताशी साधारण १८, त्याचा व्हॉल्व्ह ड्रमच्या लेव्हलवर चालतो आणि पूर्ण उघडल्यावर ३६ देतो. प्रेशर कंडेन्सरच्या कूलिंग वॉटरने सांभाळलंय.

स्टेडी स्टेटला (काळानुसार काहीच बदलत नाही असं धरलं की) काही तक्रार नाही. डायनॅमिकला टाकलं की ड्रमची लेव्हल हेलकावे खाते. लेव्हल कंट्रोलर पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) आहे, गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं) २, इंटिग्रल टाइम (साचलेली चूक किती वेळात भरून काढायची) १ मिनिट. हेलकाव्याचा काळ नऊएक मिनिटं. थोडा वेळ गेला की शांत होतो, फीड जरा हलवलं की पुन्हा सुरू. म्हणून गेन कमी करून ०.५ केला, तर काळ सोळा मिनिटांवर गेला आणि हेलकावे आणखी मोठे झाले! शेवटी लेव्हल १०० टक्क्यांना टेकते, प्रेशर करवतीच्या दातांसारखं वरखाली होतं आणि मग फ्लॅश एरर (द्रव आणि वाफेची वाटणी काढणारं गणित न सुटल्याचा) येऊन मॉडेल बसतं. टाइम स्टेप (गणिताचं एक पाऊल) ०.५ सेकंदावरून ०.१ केली. मॉडेल रखडत चाललं, एरर तोच.

सुरुवात कुठून करावी? आणि अशा मॉडेलवर काम करताना तुम्ही कोणत्या सवयी पाळता, तेही लिहा.

खोडरबर

पहिली सवय: एरर आल्यावर 'रन' पुन्हा दाबायचं नाही. आपोआप बरा झालेला एरर मी तरी पाहिलेला नाही.

रिफ्लक्स_रेशो

मला हे प्रकरण इंटिग्रेटरचंच (समीकरणं पावलापावलाने सोडवणाऱ्या सॉल्व्हरचंच) वाटतंय. ०.१ने भागलं नसेल तर ०.०५ करून बघा. फ्लॅश एरर बहुतेक वेळा एका स्टेपमध्ये प्रेशर फार बदलल्यामुळे येतो. स्टेप पुरेशी लहान झाली की सॉल्व्हरला मागच्या उत्तरापासून लांब उडी मारावी लागत नाही.

जुना_ऑपरेटर

स्टेपला हात लावायच्या आधी सगळे कंट्रोलर मॅन्युअलला टाका आणि एकेक करून ऑटोला आणा. ज्याला ऑटोला टाकल्यावर दंगा सुरू होईल तो गुन्हेगार. प्लांटमध्येही आम्ही हेच करतो.

ट्रान्सफर_फंक्शन

काका, थोडा मतभेद. फ्लो आणि टेंपरेचर मॅन्युअलला ठीक. लेव्हल मात्र स्वतःहून सावरत नाही. आत येणारं आणि बाहेर जाणारं यात अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी ती एकाच दिशेने चालत राहते आणि ड्रम एक तर भरतो नाही तर रिकामा होतो. मॅन्युअलमध्ये कॉलम दहा मिनिटं सोडून दिला तर खरा गुन्हेगार सापडायच्या आतच दुसरा गुन्हा घडतो. लेव्हल आणि प्रेशर ऑटोत ठेवायचे, बाकीचे मॅन्युअलला. लेव्हलला तात्पुरतं नुसतं प्रपोर्शनल ठेवलं तरी भागतं.

जुना_ऑपरेटर

मान्य. प्लांटमध्ये लेव्हलवर माणूस नजर ठेवून असतो, ते लिहायचं राहिलं. मॉडेलवर कोण बसणार!

निळी_शाई

@स्थिर_अस्थिर, मला एकच गोष्ट सांगा, मॉडेलमध्ये रिफ्लक्स ड्रमचा व्हॉल्यूम किती दिलाय? बाकीचं नंतर बोलू.

स्थिर_अस्थिर

ताई, २ घनमीटर दिसतोय. कुणी मुद्दाम भरलेला वाटत नाही. पॅकेजचा आपोआप येणारा आकडा असावा, कारण रिबॉयलरलाही अगदी तेवढाच आहे.

निळी_शाई

वाटलंच. मग हिशोब करा. ड्रममधून ताशी ४५ अधिक १८ म्हणजे ६३ घनमीटर बाहेर पडतंय. निम्मा भरलेला म्हणजे १ घनमीटर. १ भागिले ६३ तास म्हणजे ५७ सेकंद. एवढ्या मोठ्या कॉलमचा ड्रम एका मिनिटात रिकामा होत नसतो. निम्म्या पातळीला ५ मिनिटांचा साठा हा अभ्यासासाठी सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. त्याप्रमाणे एकूण साडेदहा घनमीटरच्या आसपास हवा. डेटाशीट असेल तर तोच आकडा घाला, ठोकताळा नको.

स्टेडी स्टेटला व्हॉल्यूमचा उत्तरावर काही परिणाम होत नाही, म्हणून तो रकाना कुणी बघत नाही. डायनॅमिकला मात्र किती लवकर काय बदलेल हे तोच ठरवतो. असे आणखी रकाने: व्हेसलची उंची आणि नोझलची पातळी, ट्रेचा व्यास आणि वेअरची (ट्रेवरच्या बांधाची) उंची, व्हॉल्व्हचा सीव्ही (तो किती प्रवाह सोडतो तो आकडा), एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंचा व्हॉल्यूम, धातूचं वजन. मॉडेल हातात आलं की मी आधी हे सगळे एका तक्त्यात काढते आणि पुढे लिहिते: डेटाशीट, अंदाज की डिफॉल्ट. तिसऱ्या प्रकारचा आकडा जिथे असेल तिथूनच तपासणी सुरू.

मेंब्रेन

+१. तक्त्याची कल्पना उचलतोय.

ट्रान्सफर_फंक्शन

आता गेन कमी केल्यावर हेलकावे का वाढले ते. बहुतेकांचा हात सवयीने गेनकडे जातो, कारण 'गेन जास्त म्हणजे अस्थिर' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लेव्हलला पीआय लावला की दोन इंटिग्रेटर (बेरीज साठवत जाणारे) एकामागे एक येतात: एक ड्रम स्वतः आणि दुसरा कंट्रोलरमधला. अशा जोडीला सावरून धरतो तो गेनच. तो काढून घेतला की उरतो झोका.

आकड्यांत बघा. डिस्टिलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर ३६ घनमीटर ताशी, म्हणजे मिनिटाला ०.६. ड्रम २ घनमीटरचा. म्हणजे व्हॉल्व्ह १ टक्का हलला की लेव्हल मिनिटाला ०.३ टक्क्याने सरकते. हा झाला प्रोसेसचा उतार. डँपिंगचा (हेलकावे किती लवकर विरतात त्याचा) गुणांक म्हणजे उतार, गेन आणि इंटिग्रल टाइम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या निम्मा. गेन २ आणि १ मिनिटाला तो ०.३९ येतो. हेलकावे येतात पण विरतात. गेन ०.५ केला की ०.१९, म्हणजे हेलकावे बराच वेळ टिकतात. काळही काढून बघा: पहिल्यात ८.८ मिनिटं, दुसऱ्यात १६.५. धाग्यात लिहिलेले नऊ आणि सोळा इथून आलेत. सॉल्व्हर बिचारा बरोबर उत्तर देतोय.

कंट्रोलचे अभ्यासक स्कोगेस्टाड यांच्या २००३च्या ट्यूनिंग नियमांत हाच मुद्दा येतो. हळू झुलणारे हेलकावे टाळायचे असतील तर गेन गुणिले इंटिग्रल टाइम हे ४ भागिले उतार याच्यापेक्षा कमी होऊ द्यायचं नाही. २ घनमीटरच्या ड्रमला ते १३.३ मिनिटं होतं, म्हणजे गेन २ ठेवला तर इंटिग्रल टाइम किमान पावणेसात मिनिटं. ड्रम मोठा झाला की त्याच प्रमाणात वाढवा.

रिफ्लक्स_रेशो

हिशोब पटला. तरी स्टेपचा मुद्दा मी सोडत नाहीये. इंप्लिसिट ऑयलर (पुढच्या पावलाचेच आकडे समीकरणात धरणारी पद्धत) वापरणारी पॅकेजेस मोठ्या स्टेपला खोटं शांत चित्र दाखवतात, हे खरं ना?

ट्रान्सफर_फंक्शन

शंभर टक्के खरं, आणि त्याची भीती वाटायलाच हवी. अजिबात न विरणारा, १० सेकंद काळाचा हेलकावा घ्या. इंप्लिसिट ऑयलरने ०.५ सेकंदाच्या स्टेपला प्रत्येक स्टेपमागे त्याची उंची साडेचार टक्क्यांनी घटते. एका फेऱ्यात २० स्टेप, म्हणजे फेरा संपेपर्यंत उंची ३९ टक्क्यांवर. प्रत्यक्षात बेभान झालेला प्रेशर लूप स्क्रीनवर शहाण्यासारखा वागताना दिसेल. पण नऊ मिनिटांच्या हेलकाव्याला त्याच स्टेपने एका फेऱ्यात जेमतेम पावणेदोन टक्के फरक पडतो. म्हणून या धाग्यातल्या लेव्हलला स्टेप लागू नाही, वेगवान लूपला आहे.

चाचणी सोपी आहे. स्टेप निम्मी करून तोच रन पुन्हा करायचा आणि दोन्ही ट्रेंड एकावर एक ठेवायचे. रेघा जुळल्या तर मूळ स्टेप पुरेशी आहे. नाही जुळल्या तर पुन्हा निम्मी.

पायथॉनवाला

पॅकेज न वापरता स्वतः समीकरणं लिहिणाऱ्यांसाठी थोडं. पायथॉनच्या साय-पाय लायब्ररीतल्या सॉल्व्ह-आयव्हीपीमध्ये न सांगता जी पद्धत लागते ती आरके४५, म्हणजे एक्स्प्लिसिट (पुढचं पाऊल फक्त आताच्या आकड्यांवरून काढणारी). रासायनिक रिअॅक्टरला ती बहुतेक वेळा चुकीची निवड असते. रिअॅक्टरमधली काँसेंट्रेशन मिनिटांत बदलते, व्हॉल्व्ह सेकंदाच्या अंशात, आणि तुम्हाला बघायचे असतात तास. यालाच स्टिफ म्हणतात. एक्स्प्लिसिट ऑयलरला स्टेप सर्वांत लहान टाइम कॉन्स्टंटच्या दुपटीच्या आत ठेवावी लागते. ०.१ सेकंदाचा व्हॉल्व्ह असेल तर ०.२ सेकंदाच्या वर गेलात की आकडे अनंताकडे पळतात, मग तुम्हाला त्या व्हॉल्व्हशी घेणंदेणं असो वा नसो. त्याऐवजी बीडीएफ, राडाऊ किंवा एलसोडा या स्टिफ समीकरणांसाठीच्या पद्धती निवडा.

उलट बाजूची खोडही आहे. हे सॉल्व्हर सगळं शांत दिसलं की स्टेप आपोआप वाढवतात. तासाभराच्या शांततेनंतर २० सेकंदांचा फीड पल्स दिला असेल तर तो दोन स्टेपच्या मधून अलगद निसटू शकतो. ट्रेंड सपाट येतो आणि आपण समजतो, वा, कंट्रोल काय मस्त आहे! मॅक्स-स्टेपला मर्यादा घाला, किंवा पल्सच्या सुरुवातीला आणि शेवटी रन तोडून नव्याने सुरू करा.

खोडरबर

म्हणजे मॉडेल पडलं तर काळजी, आणि नाही पडलं तर जास्त काळजी. छान क्षेत्र निवडलंय आपण.

उष्मा_गतिका

फ्लॅश एररबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. लेव्हल १०० टक्क्यांना टेकली की ड्रममधली व्हेपरची जागा संपते. त्या क्षणापर्यंत प्रेशर ठरवणारी गोष्ट म्हणजे दाबली जाऊ शकणारी व्हेपर. ती गेली की उरलं फक्त लिक्विड, जे जवळपास दाबलंच जात नाही. आता थोडंसं जास्त आत आलं की प्रेशर उसळतं, व्हॉल्व्हमधून जास्त बाहेर गेलं की आपटतं. करवतीचे दात ते हेच. एरर फ्लॅशच्या नावावर येतो, कारण तिथे सॉल्व्हरने हात टेकले. मूळ कारण त्याच्या पंधरा मिनिटं आधी लेव्हलमध्ये सुरू झालेलं असतं.

म्हणून एररचा मजकूर वाचण्याआधी ट्रेंड मागे न्या आणि सगळ्यांत आधी कोण हललं ते शोधा. लेव्हल, प्रेशर, व्हॉल्व्हची स्थिती आणि ड्रममधलं व्हेपरचं प्रमाण असे चार पेन एकाच आलेखावर ठेवले तर हे दोन मिनिटांत दिसतं.

एक उपप्रश्न: ड्रम आडवा आहे का? आडव्या सिलिंडरमध्ये पृष्ठभाग मध्यावर सर्वांत रुंद आणि वर-खाली अरुंद असतो. ५० टक्क्यांवर काढलेला उतार ९० टक्क्यांवर चालत नाही, तिथे लेव्हल कितीतरी वेगाने पळते. त्यामुळे वर गेलेला हेलकावा पटकन छताला टेकतो.

मेंब्रेन

स्टेडी स्टेटवरून डायनॅमिकला येताना मिक्सरची एक गंमत असते, ती इथे नसली तरी नोंदवून ठेवतो. काही पॅकेजमध्ये स्टेडी स्टेटला मिक्सर आत येणाऱ्यांपैकी सर्वांत कमी प्रेशर उचलतो आणि पुढे पाठवतो. १२ बारचा प्रवाह ८ बारच्या प्रवाहात मिसळला तरी कुणी विचारत नाही. डायनॅमिकला तिन्ही बाजूंचं प्रेशर एकच असावं लागतं, म्हणून १२ बारवाला ८ बारवाल्याच्या पाइपात उलटा शिरतो. मध्ये व्हॉल्व्ह टाकून ते ४ बार कुठेतरी खर्च करावेच लागतात.

तसंच दोन व्हेसल मध्ये काहीही रेझिस्टन्स न ठेवता जोडू नयेत. दोघांची प्रेशर प्रत्येक क्षणी सारखी हवीत अशी अट पडते आणि गणिती भाषेत डीएईचा (डिफरेन्शियल आणि साध्या समीकरणांच्या जोडीचा) इंडेक्स, म्हणजे सोडवण्याची अवघडता, वाढतो. मग सुरुवातीचे आकडे हवे तसे भरता येत नाहीत, ते एकमेकांशी जुळावे लागतात. मध्ये खऱ्या पाइपाएवढा रेझिस्टन्स टाकला की प्रश्न मिटतो. व्हेसल, व्हॉल्व्ह, व्हेसल, व्हॉल्व्ह अशी साखळी डोळ्यांसमोर ठेवायची आणि दोन टोकांना प्रेशर द्यायचं.

रिफ्लक्स_रेशो

टोकांना दोन्हीकडे फ्लो दिला तर?

मेंब्रेन

तर आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही तुम्हीच ठरवलं, प्रेशरला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असले तरच ते जागेवर राहील, आणि तसे ते कधीच नसतात. अशा मॉडेलचं प्रेशर तासन् तास एकाच दिशेने सरकत जातं आणि लोक त्याला प्लांटचं वैशिष्ट्य समजून अहवालात टाकतात.

काँप्रेसर_कन्या

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. लेव्हलला नऊ मिनिटं हा वेळ आहे, काँप्रेसरवाल्यांना एवढी चैन नाही. सर्जचा (काँप्रेसरमधला प्रवाह उलटसुलट होण्याचा) एक फेरा सेकंद-दोन सेकंदांचा असतो. ०.५च्या स्टेपने तो बघणं म्हणजे फेऱ्यामागे दोन ते चार ठिपके. अँटी-सर्जच्या अभ्यासाला मी ५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी घेते.

ट्रिपच्या (मशीन अचानक बंद पडण्याच्या) अभ्यासात तीन गोष्टी हमखास राहतात. रोटरचं इनर्शिया न दिल्यामुळे मशीन क्षणात थांबतं. अँटी-सर्ज व्हॉल्व्ह हुकूम मिळताच शून्य सेकंदात उघडतो, खरा व्हॉल्व्ह एक-दोन सेकंद घेतो आणि सगळा खेळ त्या दोन सेकंदांचाच आहे. आणि परफॉर्मन्स कर्व्ह सर्ज लाइनपाशी संपलेला असतो. ट्रिपमध्ये ऑपरेटिंग पॉइंट डावीकडे जाणारच, तिथे कर्व्ह नसेल तर पॅकेज शेवटच्या दोन ठिपक्यांवरून सरळ रेघ ओढून मोकळं होतं. आलेला आलेख दिसतो मोठा देखणा.

जुना_ऑपरेटर

इन्स्ट्रुमेंटसुद्धा मॉडेलमध्ये टाका रे बाबांनो. सिम्युलेशनवाले कंट्रोलरला खरी लेव्हल जोडतात. खऱ्या प्लांटमध्ये कंट्रोलरला खरी लेव्हल कधीच माहीत नसते, ट्रान्समीटर सांगेल ती असते. २३ मार्च २००५ला टेक्सास सिटी रिफायनरीत स्टार्टअपच्या वेळी रॅफिनेट स्प्लिटर नावाचा कॉलम भरून वाहिला, स्फोट होऊन १५ माणसं गेली. टॉवरमध्ये सुमारे १५८ फुटांपर्यंत लिक्विड चढलेलं होतं आणि ट्रान्समीटर दहा फुटांच्या आतला आकडा दाखवत होता, कारण त्याचा पट्टाच तळाच्या काही फुटांचा होता. ऑपरेटर ट्रेनिंगच्या मॉडेलमध्ये ट्रान्समीटरची रेंज, सॅच्युरेशन आणि डेन्सिटी बदलल्यावर येणारी चूक नसेल, तर असा प्रसंग त्यात घडूच शकत नाही. मग शिकणार काय, कप्पाळ?

ट्रान्सफर_फंक्शन

काकांच्या मुद्द्याला जोड: कॉलमच्या टेंपरेचर लूपमध्ये मुद्दाम १ मिनिटाचा डेडटाइम (उशीर) घालतात तो याचसाठी. मॉडेलमधला सेन्सर तत्काळ वाचतो, त्यामुळे वाटेल तेवढा गेन खपवून घेतो. डेडटाइम न घालता ट्यून केलेले आकडे साइटवर पाठवले की शिव्या ठरलेल्या.

स्थिर_अस्थिर

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रमची डेटाशीट मिळाली. आडवाच आहे, १२ घनमीटर. @ट्रान्सफर_फंक्शन यांच्या रीतीने उतार ०.०५ आला, गेन २ ठेवून इंटिग्रल टाइम ४० मिनिटं केला. रिबॉयलरचा व्हॉल्यूमही खरा भरला. स्टेप पुन्हा ०.५वर नेली. आता तीन तास काही न हलवता चालवलं तरी रेघ सपाट आहे, आणि फीड ५ टक्के वर-खाली केलं तर लेव्हल एकदा उचलते आणि निमूट जागेवर येते.

पण नवं दुखणं निघालं. फीड पूर्ण बंद केल्यावर मिनिटाभरात फीडच्या प्रवाहाचं तापमान विचित्र होतं आणि पुन्हा फ्लॅश एरर.

खोडरबर

४० मिनिटं! मीटिंगमध्ये हा आकडा सांगाल तेव्हा चेहऱ्यांचा फोटो काढून इथे टाका.

निळी_शाई

लेव्हलला इतकं सुस्त राहिलेलं चालतंच, उलट चांगलं. खालच्या युनिटला धक्के न देता साठा वापरायचा म्हणूनच ड्रम एवढा मोठा घेतात. मी तर इंटिग्रल काढूनच टाकते, नुसतं प्रपोर्शनल, गेन २. लेव्हल ५०ऐवजी ५६वर थांबली तर कुणाचं काय बिघडलं?

जुना_ऑपरेटर

ऑपरेटरचं डोकं बिघडतं, ताई. सेटपॉइंट ५० आणि लेव्हल ५६ दिसली की तो शिफ्टभर सेटपॉइंटशी खेळत बसतो.

निळी_शाई

हा हा, मान्य. तुमच्यासाठी लांब इंटिग्रल टाइम ठेवू.

उष्मा_गतिका

@स्थिर_अस्थिर, फीड बंद केल्यावर कॉलमचं प्रेशर फीड लाइनपेक्षा जास्त झालं की प्रवाह उलटतो. कॉलममधला गरम माल सीमेच्या प्रवाहाकडे जातो. सीमेवरचं तापमान आणि काँपोझिशन तुम्ही पुढच्या दिशेच्या प्रवाहासाठी दिलंय, उलट जाणाऱ्यासाठी नाही. फीड लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह रोखणारा) आहे का पीअँडआयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर)? असेल तर मॉडेलमध्ये टाका. नसेल तर उलटा प्रवाह ही खरी शक्यता आहे आणि ती एररपेक्षा गंभीर बाब झाली.

दुसरं, फ्लो शून्याच्या जवळ गेला की व्हॉल्व्हच्या समीकरणातलं वर्गमूळ त्रास देतं. फ्लो प्रेशर ड्रॉपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, त्यामुळे ड्रॉप शून्याला आला की उतार अनंत होतो आणि सॉल्व्हर दोन्ही दिशांना टणाटण उड्या मारतो. चांगली पॅकेजेस शून्याजवळ छोटा सरळ तुकडा वापरतात. स्वतः समीकरण लिहिणाऱ्यांनी तो हाताने जोडावा. प्रत्यक्षातही अगदी कमी वेगाला प्रवाह लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा) होऊन ड्रॉपशी सरळ प्रमाणातच जातो, म्हणजे ही फसवणूकसुद्धा नाही.

पायथॉनवाला

आणि शून्य फ्लोच्या प्रवाहाचं तापमान काढताना एन्थाल्पीला (उष्णतेच्या आशयाला) फ्लोने भागू नका. शून्य भागिले शून्य. व्हेसलमधल्या साठ्याची एन्थाल्पी धरा.

मेंब्रेन

तीन तास सपाट रेघ आली हे उत्तम, पण त्यावर थांबू नका. मास बॅलन्स तपासा. रनच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या व्हेसलमधला साठा घटकवार मोजायचा, मधल्या काळात आत आलेलं वजा बाहेर गेलेलं त्याच्याशी जुळवायचं. काही पॅकेजेस वेग वाढवण्यासाठी प्रेशर-फ्लो प्रत्येक स्टेपला सोडवतात आणि काँपोझिशन-फ्लॅश दहाव्या स्टेपला. शांत रनमध्ये चालून जातं. फीड बदलताना मात्र एखाद्या हलक्या घटकाचा हिशोब चुकतो. तसं दिसलं तर तेवढ्या रनसाठी ते दहाचं एक करा. मॉडेल हळू होईल, होऊ दे.

रिफ्लक्स_रेशो

नॉन-कंडेन्सेबल घटक असेल तर तो टोटल कंडेन्सरमध्ये साठत जातो, हेही बघा. व्हेंट नसेल तर प्रेशर तासातासाला चढतं. स्टेडी स्टेट मॉडेलमध्ये असा माग लागत नाही, तिथे तो डिस्टिलेटमध्ये विरघळलेला मानून निकाल लागतो.

स्थिर_अस्थिर

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पीअँडआयडीवर आहे, मॉडेलमध्ये नव्हता. टाकला, एरर गेला. मास बॅलन्स आज लावतोय. पुढचं काम प्लांटच्या डेटाशी जुळवणं. हिस्टोरियनमधून (प्लांटचे जुने आकडे साठवणाऱ्या सिस्टिममधून) एक-एक मिनिटाचे आकडे मिळालेत, ते पुरेत का?

काँप्रेसर_कन्या

आधी विचारा की ते मिनिटाचे सरासरी आकडे आहेत, त्या क्षणाचे आहेत की कॉम्प्रेशन करून साठवलेल्या ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढून काढलेले. हिस्टोरियन जागा वाचवायला ठरावीक मर्यादेच्या आतला बदल साठवतच नाही. मग ट्रेंडमध्ये लांबलचक सरळ रेघा दिसतात आणि छोटे हेलकावे गायब असतात. लेव्हलच्या सोळा मिनिटांच्या हेलकाव्याला मिनिटाचे आकडे चालतील. फ्लो आणि प्रेशर लूपसाठी डीसीएसवरून (प्लांटच्या कंट्रोल सिस्टिमवरून) सेकंदाचा डेटा घ्या, एखाद्या शिफ्टपुरताच मिळाला तरी हरकत नाही.

जुना_ऑपरेटर

आणि व्हॉल्व्हचा आकडा मागताना कंट्रोलरचं आउटपुट घेऊन समाधान मानू नका. पोझिशनरकडून (व्हॉल्व्ह जागेवर नेणाऱ्या उपकरणाकडून) परत येणारी खरी स्थिती मिळते का बघा. चिकटलेला व्हॉल्व्ह आउटपुट तीन टक्के बदललं तरी जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. दोन्ही पेन एकत्र लावले की पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्या मॉडेलमध्ये नसतील तर प्लांटचा हेलकावा ट्यूनिंग बदलून कधीच जुळणार नाही, उगाच आठवडा जाईल.

स्थिर_अस्थिर

डिस्टिलेटच्या व्हॉल्व्हला पोझिशन फीडबॅक आहे, रिफ्लक्सच्याला नाही. रिफ्लक्ससाठी काय करू?

जुना_ऑपरेटर

लूप मॅन्युअलला घ्यायची परवानगी काढ. आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने एका दिशेने वाढवायचं आणि प्रत्येक वेळी फ्लो स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग तसंच उलट यायचं. फ्लो ज्या पावलाला हलेल ते टिपून ठेव. दिशा बदलल्यावर किती पावलं वाया जातात तेही लिही.

मेंब्रेन

आणि त्या वेळी अपस्ट्रीम प्रेशर स्थिर आहे ना ते बघा, नाहीतर फ्लो व्हॉल्व्हमुळे हलला की प्रेशरमुळे, हे नंतर कळणार नाही.